चुलीपुढची सेवा

श्रावण लागला की आमच्या येवल्याकडच्या गावागावांतून हरिनाम सप्ताह बसतात. वीणा उभी राहते, पहाऱ्याच्या पाळ्या लागतात, पहाटे काकडा, दिवसा ज्ञानेश्वरीचे पारायण, सांजेला हरिपाठ आणि रात्री कीर्तन असा क्रम सात दिवस अखंड चालतो. परंतु त्याच सात दिवसांत गावात दुसराही एक सप्ताह चाललेला असतो. त्याला वीणा नाही, मंडप नाही, कर्णा तर नाहीच नाही. घरटी इतक्या भाकऱ्या असे गावाने ठरविलेले असते, आणि घरोघरच्या आयाबाया चुलीपुढे बसून त्या थापीत असतात. फडक्यात बांधलेल्या चळती मंडपाकडे जातात, तिथे त्यांचा ढीग लागतो, आणि कढईतल्या आमटीबरोबर त्या पंगतीत वाढल्या जातात. गोदाकाठच्या सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या नावाने चालणारा मोठा सप्ताह दरसाल नव्या ठिकाणी भरतो. त्याची परंपरा पावणेदोनशे वर्षांची. तिथली आमटी-भाकरी आमच्या भागात कोणास ठाऊक नाही? गावोगावच्या भाकऱ्या आता ट्रॅक्टर भरभरून येतात. तिकडे पुणे जिल्ह्यात तुकोबारायांची पालखी यवतेस आली, म्हणजे तिथलेही घर न् घर भाकऱ्या करते आणि वारकरी पिठले-भाकरी जेवून तृप्त होतो.

या भाकरीवर आमचा संप्रदाय उभा आहे, असे म्हटले तर ते फार होणार नाही. पोटात भाकरी नसेल तर टाळ किती वेळ वाजेल?

आता आमचा प्रश्न असा. मंडपात वीणेकऱ्याच्या पायांवर आम्ही डोके ठेवतो. चुलीपुढच्या माउलीला आम्ही काय देतो? कीर्तन रंगात आले असता ती कुठे असते, असे कोणी विचारले तर उत्तर तयार असते. “तिची भक्ती तिथेच. बाईमाणसाला भाकरी थापणे हाच परमार्थ.” आणि तीही हसून म्हणते, “मला कुठलं बाई कीर्तन, माझ्या अजून धा-पंधरा भाकऱ्या उरल्यात.” भाकरी करणे ही भक्ती आहे, हे वचन खरे आहे काय? आणि खरे असेल, तर ते कोणी कोणास सांगावे?

प्रथम या वचनात जेवढे खरे आहे तेवढे मोकळ्या मनाने मान्य करू.

आमचा मुलूख बाजरीचा. येवला तालुका पावसाच्या आडोशाला पडलेला. हलकी जमीन, बेभरवशाचे नक्षत्र. अशा ठिकाणी थोडक्या पाण्यावर तग धरून राहणारे धान्य म्हणजे बाजरी. ती मूळची आफ्रिकेतली, काही हजार वर्षांपूर्वी आपल्या देशात आली, असे शास्त्रज्ञ सांगतात. पण इतक्या पिढ्यांनंतर तिला परकी कोण म्हणेल? भारताने सूचना केली म्हणून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे साल भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले. शहरात जिला गरिबाचे अन्न म्हणून नाक मुरडीत, तिची तेव्हा थोरामोठ्यांच्या पंगतीत वर्णी लागली. आमच्याकडे मात्र भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोणी आणि शेजारी मिसळीची भाजी, हा थाट कोणाच्याही ठरावाची वाट न पाहता चालत आलेला आहे.

परंतु हे धान्य मोठे मानी. गव्हाच्या पिठात जो चिवटपणा असतो तो बाजरीत नाही. कणीक भिजवून ठेवली तरी चालते, लाटली की पसरते. बाजरीला लाटणे सोसत नाही. तिला हातांनीच धरून ठेवावे लागते. शिवाय तिच्यात स्निग्धांश अधिक, म्हणून दळलेले पीठ फार दिवस राहत नाही; कडू पडते आणि त्याची विरी जाते. विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापता थापता काठाला चिरते आणि तव्यावर टाकताना मोडते. जाणती बाई अशा वेळी कढत पाण्याचे आधण घेते. मग काठवटीत तळहाताच्या टाचेने पीठ रगडायचे, एका भाकरीपुरतेच. कारण मळून ठेवलेले पीठ पुन्हा बिघडते. उंडा करायचा, खाली पीठ भुरभुरायचे आणि बोटांनी थापत थापत गोल फिरवीत न्यायचे. मध्ये जाड नको, काठाला पातळ नको. पिठाची बाजू वर येईल अशी तव्यावर टाकायची, लगेच वरून पाण्याचा हात फिरवायचा. ते पाणी सुकण्याच्या आत नव्हे आणि सुकून तडकल्यावरही नव्हे, नेमक्या वेळी उलटायची. शेवटी तवा बाजूला घेऊन आरावर धरायची, की ती टम्म फुगते आणि पापुद्रा सुटतो.

हे काम मन दुसरीकडे ठेवून होत नाही. क्षणभर दुर्लक्ष झाले की करपली, क्षणभर घाई केली की कच्ची राहिली. एका तव्यावर एका वेळी एकच भाकरी. तीन-चार मिनिटे तिची. सप्ताहासाठी तीस भाकऱ्या करावयाच्या तर दीड-दोन तासांची बैठक झाली. एवढा वेळ जपाच्या आसनावर न हलता बसणारे आमच्यात किती निघतील? सावता महाराजांना मळ्यात देव भेटला, गोरोबाकाकांना चिखल तुडविताना, नरहरी सोनारांना त्यांच्या बागेसरीपाशी. मग चुलीपुढे पांडुरंग येत नाही, असे म्हणण्याचा अधिकार कोणास आहे? जी माउली उंडा हाती घेताना नाम घेते आणि भाकरी फुगली की मनात म्हणते, “देवा, कोणाच्या का मुखी जाईना, तुझ्याच मुखी गेली,” तिची योग्यता मंडपातल्या कोणापेक्षाही उणी नाही. हे आम्ही हातचे राखून म्हणत नाही.

येथवर सारे सरळ आहे. अडचण पुढे आहे.

सावता महाराज मळ्यात राबले, कारण मळा त्यांचा होता आणि राबणे त्यांनी पत्करले होते. देवळात चाललेल्या माणसाला वाटेत अडवून ‘तुझा देव मळ्यात, तू तिकडेच जा’ असे त्यांना कोणी बजावले नव्हते. अर्पण करावयाचे ते आपले असावे लागते. शेजाऱ्याच्या शेतातली कणसे न विचारता खुडून आणून देवापुढे ठेवली, तर देव ती गोड मानून घेईलही. पण ते अर्पण आमचे झाले काय? तसाच वेळाचा हिशेब आहे. जिचा वेळ तिचा स्वतःचा आहे, तिने तो चुलीपुढे वाहिला तर ती सेवा. जिचा वेळ दुसऱ्यांनीच वाटून टाकलेला आहे, जिने ‘आज मी कीर्तनाला बसते’ म्हटले तर घर उपाशी राहील आणि वर बोल लागेल, तिच्या कामाला आमच्या जुन्या भाषेत वेगळा शब्द आहे. त्याला वेठ म्हणतात.

सेवा आणि वेठ यांत बाहेरून काडीचाही फरक दिसत नाही. तेच पीठ, तीच काठवट, तोच धूर. भेद एवढाच की एकीला उठून जाता आले असते, दुसरीला येत नव्हते. देवाघरी दोघींची भाकरी सारखीच गोड असेल, दुसरीची कदाचित अधिक. पण प्रश्न देवाचा नाही, आमचा आहे. वेठीला सेवा म्हणणारे तोंड आमचे आहे.

हा वेळ थोडाथोडका नव्हे. २०१९ साली केंद्र सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरात बिनमोल काम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ त्यात जातो असे तीत आढळले. म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. जे पुरुष असले काम करतात त्यांची सरासरी ९७ मिनिटे. आणि असे करणारे पुरुष शंभरात सव्वीसच. यात सण नाही, एकादशी नाही. उलट सण आला की चूल अधिक पेटते.

येवल्याच्या शेजारी वैजापूर तालुक्यात शिऊर आहे. तिथे संत बहिणाबाईंची समाधी आहे. १६२८ साली देवगावी जन्मलेली ही बाई तुकोबारायांची शिष्या झाली, तेव्हा तिच्या घरात काय घडले ते तिने स्वतःच आपल्या आत्मचरित्रपर अभंगांतून सांगून ठेवले आहे. घरधन्याला ते रुचले नाही, मारहाणही झाली. बहिणाबाईंनी संसार टाकला नाही आणि परमार्थही सोडला नाही. आम्ही त्यांची थोरवी गातो ती योग्यच आहे. पण थोरवी गाताना एक विचारावे: एवढे सोसल्यावाचून तिला नाम घेता येऊ नये, ही कोणाची उणीव? तिची तर नव्हे.

आता संतांच्या कथा घेऊ. कथा सर्वांना पाठ आहेत. परंतु त्यांतून नेमके काय निघते इकडे आमचे लक्ष जात नाही.

जनाबाई नामदेवरायांच्या घरची दासी. पहाटे जाते ओढायची. पंढरीचा राणा तिथे आला तेव्हा त्याने काय केले? ‘जनी, दळण हीच तुझी भक्ती, चालू दे,’ असा उपदेश करून तो राउळात परत गेला नाही. त्याने खुंटा धरला. नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन राहिला तेव्हा त्याने प्रवचन केले नाही. परंपरा सांगते की बारा वर्षे खांद्यावर कावड वाहून रांजण भरला. चोखोबांच्या सोयराबाईच्या बाळंतपणात तो नणंदेच्या रूपाने आला आणि बाळंतिणीचे सारे केले. आमचा देव बायकांच्या कामाला हात लावताना कुठे कचरला नाही.

आणि मुक्ताईची कथा तर तव्याचीच कथा आहे. मांडे भाजावेत म्हणून ती कुंभारवाड्यात खापर मागावयास गेली. विसोबा चाटीने कुंभारांना दटावून ठेवले, तिला कोणी खापर दिले नाही. मुक्ताई रडत घरी आली. ज्ञानोबा माउलींनी तिला ‘आज मांडे नकोत’ म्हटले नाही, ‘तुझे तू पाहा’ असेही म्हटले नाही. योगबळाने जठराग्नी प्रदीप्त केला आणि पाठ पुढे करून म्हणाले, भाज. ज्याने ज्ञानेश्वरी सांगितली तो बहिणीच्या मांड्यांसाठी तवा झाला! ते पाहून विसोबाचा अभिमान गळाला, त्याने त्यांचे उच्छिष्ट खाल्ले, आणि पुढे तोच विसोबा खेचर नामदेवरायांचा गुरू झाला. ज्या विसोबाला शब्दांनी पालटता आले नाही, तो हे दृश्य पाहून पालटला.

या कथांचा अर्थ एकच आहे. चुलीजवळच्या कामाला मोठेपणा देण्याची संतांची रीत ते काम वाटून घेण्याची आहे. नुसती स्तुती करण्याची नाही.

यावर शंका येतील.

कोणी म्हणेल, “पुरुषाच्या हाताला भाकरी वळत नाही.” हे निदान येवल्यात तरी बोलू नये. या गावात हातमागावर पैठणी विणली जाते. सुरतेची जर, बंगळुरूचे रेशीम, आणि एकेका मोराच्या, एकेका मुनियाच्या जागी ताण्याचे धागे मोजून उचलणारी बोटे. महिनेन् महिने बसून पदर पुरा करणारा हा हात पुरुषाचाही असतो. आणि घरची बाई त्याच्या कांड्या भरून देते, पुष्कळ ठिकाणी स्वतः मागावरही बसते आणि वर भाकरी करते. तिचा हात मागावर चालला, तर त्याचा काठवटीत का अडावा? दिंडीत तर आम्ही हे डोळ्यांनी पाहतो. वाटेत तळ पडला की बापये तीन दगडांची चूल मांडतात, सरपण फोडतात, भात-आमटी रांधतात. वारीत जे शोभते ते घरी आल्यावर लाजेचे कसे होते? पहिल्या चार भाकऱ्या नकाशासारख्या होतील. होऊ द्याव्यात. नकाशाच्या भाकरीनेही पोट भरते.

दुसरी शंका: “आता यंत्रे आली, बाजारात भाकऱ्या विकत मिळतात; मग हा काथ्याकूट कशाला?” यंत्राला आमचा विरोध नाही. गिरणी आली तेव्हा जात्यावरच्या ओव्या बुडाल्या म्हणून हळहळणारे पुष्कळ होते. पण त्यांतला कोणी पहाटे उठून जाते ओढायला बसला नाही. गॅस आला, डोळ्यांतला धूर गेला, हे चांगलेच झाले. धुराने आमच्या आयाबायांचे डोळे आणि फुप्फुसे किती खर्ची पडली याची मोजदाद देवच करू जाणे. यंत्राने भार हलका होतो, पण भार कोणी उचलावयाचा हे यंत्र ठरवीत नाही. गिरणीमुळे वाचलेला वेळ तिला मिळाला, की दुसऱ्या कामांनी गिळला, हे घरोघरी पाहावे.

तिसरी शंका बायांचीच आहे आणि तिला मान दिला पाहिजे. एखादी म्हातारी म्हणते, “माझ्या चुलीपाशी कोणी लुडबुडू नगा. मला तिथंच बरं वाटतं.” तिला तिथून उठवावे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. तिने तिथे आपली पंढरी वसविली असेल, तर आपण उंबऱ्याबाहेरून नमस्कार करावा. पण ती तसे म्हणते हे तिला विचारल्यावर कळले पाहिजे. न विचारताच ‘तिला तिथेच बरे वाटते’ असे ठरवून टाकणे, हा तिच्या भक्तीचाही अपमान आहे.

या प्रश्नाला दुसरी एक बाजू आहे, आणि येवल्याच्या वारकऱ्याला ती टाळता येणार नाही. मंडपातल्या ढिगात भाकरी पडली, की ती कोणाच्या घरची हे कळत नाही. पाटलाची, कोष्ट्याची, मजुराची, सारी एक. पंगतीत कोणाची कोणाच्या पानावर येईल याचा नेम नाही. हीच त्या ढिगाची थोरवी. पण ढीग पूर्वीपासून असा एक नव्हता. कोणाच्या घरची भाकरी ढिगात घ्यायची आणि कोणी पंगतीबाहेर बसायचे, याच्या रीती गावोगावी होत्या. नाथांनी श्राद्धाचे अन्न अस्पृश्य मानलेल्यांना जेवू घातले, ही कथा आम्ही गातच राहिलो. आणि १९४७ च्या मे महिन्यात पंढरीचे दार सर्वांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. गावकीचे काम करावे आणि मोबदल्यात घरोघरची शिळी भाकरी मागून न्यावी, हे महार समाजाच्या माथी मारलेले होते. त्यांनाही गाव हेच सांगत आले होते की ही तुमची सेवा, यातच तुमचे पुण्य. १९२७ साली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उष्टे-शिळे खाणे सोडण्यास आपल्या लोकांना सांगितले. आणि याच येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास ती त्यांनी खरी केली. येवल्यातली ती जागा आज मुक्तिभूमी म्हणून ओळखली जाते.

त्या निर्णयाची चर्चा येथे करावयाची नाही. आम्हांस त्यातून एवढेच दाखवावयाचे आहे की वेठीवर सेवेचे नाव लिहून ती कायमची झाकता येत नाही. ज्याला ती करावी लागते त्याला ती ठाऊकच असते. फक्त तो बोलेपर्यंत आम्हांला ऐकू येत नाही. जे पंगतीच्या बाहेरच्यांविषयी खरे ठरले, ते घराच्या आतल्यांविषयी खरे ठरणार नाही असे कशावरून? भाकरीचा ढीग तेव्हाच खऱ्या अर्थाने एक होईल, जेव्हा ती कोणी भाजली हेही ओळखता येणार नाही; बाईने की बापयाने, हेही कळणार नाही.

मग करावे काय? आमची सूचना साधी आहे. सप्ताहाच्या बैठकीत वर्गणी, कीर्तनकार, मंडप यांचा विचार होतो. त्याच बैठकीला गावातल्या बाया बोलवाव्यात आणि भाकऱ्यांचे त्यांना विचारून ठरवावे. वीणेच्या पहाऱ्याला जशा पाळ्या असतात तशा तव्यालाही असाव्यात, आणि त्यांत घरटी पुरुषाचे नाव असावे. कीर्तनाची वेळ आणि भाकऱ्यांची वेळ एकमेकींवर येऊ देऊ नये. आली तर एका रात्री बाया पुढे बसतील आणि बापये चुलीपुढे. आणि घरी, सप्ताह नसताना, एकादशीच्या दुसऱ्या दिवशी पारण्याची भाकरी घरधन्याने करावी. महिन्यातून दोन वेळा. एवढ्याने पाच तासांचे ओझे उतरणार नाही, हे आम्ही जाणतो. पण जो दोन तास तव्यापुढे बसेल, त्याला पुढच्या वेळी ‘तिची भक्ती तिथेच’ असे म्हणताना आपल्याच बोटांचे चटके आठवतील.

सप्ताहाच्या अखेरीस काला होतो. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, कोणाची ताजी, कोणाची शिळी, कोणाची नुसतीच कोरडी भाकरी. भगवंताने साऱ्या एकत्र कालविल्या आणि स्वतःच्या हाताने एकेकाच्या मुखात घातल्या. त्या शिदोऱ्या पहाटे उठून बांधणाऱ्या गौळणी काल्याला यमुनेच्या वाळवंटात नव्हत्या. त्या घरी दुसऱ्या कामाला लागल्या होत्या. यंदा काल्याच्या कीर्तनाला त्या पुढच्या रांगेत बसलेल्या असाव्यात, आणि त्यांच्या मुखात पहिला घास घालण्यास आम्ही उभे असावे, एवढेच मागणे पांडुरंगाच्या चरणी आहे.

रामकृष्णहरि.